एकसष्ट गुंजा

आमच्या कारखान्यातल्या काकाजींच्या उजव्या तळहातावर पिस्तुलाची गोळी ठेवली, की ते क्षणभर डोळे मिटत, हात जरासा वरखाली करत आणि वजन सांगत. ग्रॅममध्ये नाही, कारखान्यात चालणाऱ्या ग्रेनमध्येही नाही. गुंजांमध्ये. "एकसष्ट," म्हणत. किंवा, "साठ. हे बाजूले ठेव, पोटात कमी हाय." बाजूला ठेवलेली गोळी आम्ही इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकत असू आणि काटा बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूने बोले. क्वचित काकाजी चुकत. तेव्हा ते काट्याकडे असे पाहत, की त्या बिचाऱ्या काट्यालाच लाज वाटावी.

हे गुंजांचं वेड घरातून आलेलं. त्यांचे वडील पवनीला सोनार होते. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे काकाजी पाढ्यांच्या आधी शिकले. पण दुकान मोठ्या भावाकडे गेलं आणि हे दहावीनंतर परराज्यातल्या एका सरकारी कारखान्यात लागले. तिथे शेवटची तीस वर्षं एकच काम केलं: बनलेली काडतुसं झाडून पाहणं. निवृत्त होऊन पवनीला परत आले, तेव्हा आमच्या कारखान्याने त्यांना करारावर बोलावलं. कारखाना खाजगी, भंडाऱ्याजवळचा, पोलिसांसाठी पिस्तुलाची काडतुसं बनवणारा. त्याचं नाव लिहायची मला परवानगी नाही.

मी एकोडीची. बाबा साकोलीच्या राईस मिलमध्ये पोती उचलत, आई रोवणी-कापणीला जाई. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नव्हतं. फिजिक्स घेऊन बीएस्सी केली, पहिल्या वर्गात, आणि हे कोणी विचारलं नाही तरी सांगते. त्यात लपवण्यासारखं काय आहे? तपासणी विभागात नोकरी लागली, तेव्हा आईने गावभर सांगितलं, पोरगी जवाहरनगरात लागली. मी म्हटलं, "आई, जवाहरनगरचा कारखाना सरकारी आहे. आमचा खाजगी आहे." आई म्हणाली, "बस त तिकडूनच जाते ना व?" पुढे मी नाद सोडला.

पहिल्या दिवशी मॅनेजर साहेबांनी मला फायरिंगच्या बोगद्यात नेऊन काकाजींच्या हवाली केलं. लांबच लांब सिमेंटचा बोगदा, एका टोकाला टेबल, दुसऱ्या टोकाला वाळूचा ढीग आणि तारेवर टांगलेला कागद. काकाजी टेबलाशी उभे होते. चष्मा दोऱ्याने मानेला बांधलेला, खाकी बुशशर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत.

"शिक्षण?" त्यांनी विचारलं.

"बीएस्सी. फिजिक्स. फर्स्ट क्लास."

"अरे बाप्पा. मंग मले शिकवशीन का?"

मला वाटलं टोमणा आहे. पुढे कळलं, अर्धाच टोमणा होता. अर्धा खरा प्रश्न होता. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'बीएस्सी' झाले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण मस्टरवर हजेरी घेताना सोडून त्यांनी ते कधी उच्चारलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. डिग्री कमावलेली होती, कोणी तिने हाक मारली तर काय बिघडलं?

काकाजी कोणाकडे बोट करून बोलत नसत. "तो डबा दे" म्हणायचं असेल तर पूर्ण तळहात उघडून डब्याकडे करत. बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, अगदी भिंतीवरचं घड्याळ दाखवतानाही तळहातच. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ज्या बोटानं घोडा दाबतो, ते बोट माणसाकडे जाऊच नये. सवय एकदा लागली की घरी जाऊन थोडीच सुटते?" त्यांची सून त्यांना हसायची म्हणे, की बाजारात वांगी दाखवतानाही सासरे आशीर्वाद दिल्यासारखा हात करतात.

दुसरी सवय हात धुण्याची. जेवणाआधी साबणाने, थंड पाण्याने, कोपरापर्यंत, आणि वर डबा चमच्याने खायचा. मी भात हाताने कालवायला घेतला की ओरडत. "शिसं हाय ते, बीएस्सी. दिसत नाही, वास येत नाही. आज पोटात गेलं त वीस वर्षांनी सांगते." बोगद्यातल्या हवेत, कागदावर, टेबलावर शिशाची धूळ असते हे पुस्तकात मी वाचलं होतं. पण पुस्तकात वाचून कोणी चमच्याने भात खात नाही. त्यांच्या ओरडण्यामुळे मी खाऊ लागले, आणि अजून खाते.

गोळीबद्दल मला जे काही खरं समजतं, ते याच माणसाकडून. त्यांनी मला तीन गोळ्या ओळीने मांडून दाखवल्या होत्या, नवरीकडच्यांना दागिने दाखवावेत तशा. गोल नाकाची गोळी पिस्तुलाच्या नळीत सरळ सरकते, कुठे अडत नाही. चपट्या नाकाची कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पाडते, म्हणून निशाणबाजीवाल्यांना ती आवडते. पोकळ नाकाची गोळी मऊ वस्तूत शिरली की फुलासारखी उमलते, वेग गमावते आणि तिथेच थांबते. पोलिसांना ही हवी असते, कारण गर्दीत गोळी एकाच्या आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू नये. "आरपार गेलेली गोळी कोणाची नसते," काकाजी म्हणत. "ते मंग नशिबाची."

एकदा एका मोठ्या कंपनीचा विक्रीचा माणूस पोकळ नाकाच्या गोळ्यांचे नमुने घेऊन आला होता. टाय लावलेला, बोलायला गोड. चाचणीत मांसाच्या जागी ठेवतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात त्याच्या गोळ्या सुरेख उमलल्या. सगळे माना डोलवत होते. काकाजी म्हणाले, "साहेब, एक मिनिट," आणि बोगद्यातल्या त्यांच्या खुर्चीवरची जुनी वाकळ उचलून त्यांनी ठोकळ्याच्या पुढे टांगली. विक्रीवाला हसला. "काकाजी, लोक वाकळ घालून फिरतात का?"

"तुमी आमच्याकडे जानेवारीत आले नाही वाटते."

गोळी झाडली. वाकळीतून गेली, ठोकळ्यातून गेली आणि मागच्या वाळूत जाऊन पडली. काढून पाहिली तर पोकळ नाकात कापूस आणि चिंधी गच्च भरलेली. उमलायला जागाच उरली नव्हती. विक्रीवाल्याने ती गोळी बराच वेळ हातात फिरवली. जाताना त्याने काकाजींना फोटो काढू का विचारलं. काकाजी म्हणाले, "माझा नको, वाकळीचा काढा."

असा माणूस. आणि त्याच्याशी मी भांडले.

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. सहा महिन्यांनी कायम करायचं की नाही ठरणार होतं, आणि साडेपाच संपले होते. घरी बाबांनी कायमचं पत्र आल्यावर भिंतीवर लावायला खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली, डाव्या बाजूला. तपासणीच्या फॉर्मवर खाली 'तपासणी करणार' असं छापलेलं असे आणि त्यापुढे मी सही करायची. आमच्या घरात आजोबांनी आयुष्यभर अंगठा लावला. त्या फॉर्मवर सही करताना माझा हात जरा जास्तच फिरायचा.

त्याच सुमारास पोलिसांच्या एका विभागाला जड गोळी पाहायची होती. आमची नेहमीची गोळी एकशे पंधरा ग्रेनची. ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून जरासं जास्त. काकाजींच्या भाषेत ती एकसष्ट गुंजांची. नवी त्यांच्या हिशोबाने अठ्ठ्याहत्तरची. पिस्तूल तेच, काडतुसाचा आकार तोच, फक्त गोळी जड. ती हळू जाते. नेहमीची गोळी आवाजाच्या पुढे पळते आणि जाता जाता हवेत चाबूक ओढल्यासारखा कडाका सोडते. जड गोळी आवाजाच्या मागे राहते, म्हणून तिला तो कडाका नसतो. काकाजी कानावर जाड मफ लावूनही ओळखत. "हे चूप गेली," म्हणत.

प्रश्न होता तो निशाणाचा. पिस्तूल नेहमीच्या गोळीवर जमवलेलं होतं. जड गोळी पन्नास मीटरवर कुठे लागेल? मी कागद घेतला. हळू गोळीला पोहोचायला जास्त वेळ, तितक्या वेळात ती जास्त खाली पडणार. हिशोब आला: नेहमीपेक्षा चार सेंटिमीटर खाली. मग मी खात्री करून घेतली. आमच्याकडे जाड नळी लोखंडी शिकंज्यात आवळून झाडायची सोय आहे, त्यात माणसाचा हात लागतच नाही. शिकंज्यात दहा हलक्या आणि दहा जड गोळ्या झाडल्या. जड खाली. चार सेंटिमीटर. माझा हिशोब आणि शिकंजा एकमेकांना टाळी देत होते. मी कागद घेऊन काकाजींकडे गेले.

त्यांनी पाहिला. म्हणाले, "शिकंज्यात बरोबर हाय. पण हातात जड गोळी वर लागते."

"वर? काकाजी, जड वस्तू हळू जाऊन वर कशी लागेल?"

"लागते व. तीस वर्षं पाहून राहिलो मी."

"पुस्तक खाली म्हणते, शिकंजाही खाली म्हणतो."

"शिकंज्याले मनगट हाय का?"

मला वाटलं, म्हातारा माणूस, उत्तर नाही म्हणून विनोद करतोय. मी हसले. साफ सांगते, त्या हसण्यात थोडी मिजास होती. दहावी पास माणूस मला गुरुत्वाकर्षण शिकवत होता ना!

पोलिसांचे अधिकारी येणार होते त्याच्या आधी तीन दिवस काकाजी पुतण्याच्या लग्नाला पवनीला गेले. जाताना 'नव्या गोळीसाठी निशाण जमवून ठेवजो' एवढं मला सांगून गेले. अधिकाऱ्यांसमोर काकाजीच उभं राहून, हाताने, पन्नास मीटरवर पाच गोळ्या झाडणार होते. पिस्तुलाच्या मागच्या निशाणाला, म्हणजे नेम धरायच्या खाचेला, उंचीचा एक बारीक स्क्रू असतो. फिरवला की कट-कट असे टप्पे पडतात, आणि पन्नास मीटरवर एका टप्प्याला गोळी साधारण सेंटिमीटरभर वर किंवा खाली जाते. आदल्या संध्याकाळी मी तो चार टप्पे वर फिरवला. म्हणजे खाली पडणारी गोळी बरोबर मध्यात यावी.

नियम असा होता, की निशाण हलवलं तर हाताने तीन गोळ्या झाडून पाहायच्या आणि मग फॉर्मवर लिहायचं. नव्या मालाची काडतुसं मोजकीच उरली होती. म्हटलं, गणित झालंय, शिकंजा झालाय, तीन कशाला फुकट घालवायच्या? फॉर्मही उद्या भरू, निकाल आला की. बसचा हॉर्न वाजत होता. मी दिवा बंद केला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी पवनीहून सरळ बोगद्यात आले. हातावर हळदीचा पिवळेपणा अजून होता. अधिकारी तीन होते. प्रमुख एक बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. मॅनेजर साहेब त्यांच्याशी हिंदीत बोलत होते. लाल दिवा लागला. काकाजींनी श्वास घेतला, अर्धा सोडला आणि पाच गोळ्या झाडल्या, मध्ये सारखं अंतर ठेवून, कोणीतरी सावकाश पाच पायऱ्या चढावं तशा.

तारेवरून कागद सरकत आला. काळ्या वर्तुळात एकही भोक नव्हतं. पाचही भोकं वर, पांढऱ्यात.

वर. चांगलं वीतभर... नाही, वीत नाही, पण वर्तुळ सोडून चांगलंच वर.

"काकाजी, हात हलला का?" मॅनेजर साहेबांनी विचारलं.

"नाही जी."

"डोळा?"

"डोळा बी नाही."

"मग काय झालं?"

काकाजींनी मॅगझिन काढलं, पिस्तूल उघडं करून रिकामं असल्याचं पाहिलं, तोंड वाळूकडे करून टेबलावर ठेवलं. ठेवताना त्यांची नजर मागच्या निशाणावर एकदा थांबली. मी पाहिलं की ती थांबली. मग ते चष्मा काढून बुशशर्टाच्या टोकाने पुसू लागले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचा करार त्याच महिन्यात संपत होता. ऑफिसात आधीच बोललं जात होतं, की काकाजी सहासष्टचे झाले, आता एखादा तरुण फायरर पाहावा. मला हे माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. मॅनेजर साहेब अधिकाऱ्यांकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, उम्रदराज आदमी हैं. हम दूसरा फायरर बुला लेते हैं."

म्हणजे मी सुटले होते. फॉर्मवर माझी सही नव्हती, निशाण बदलल्याची नोंद कुठेच नव्हती. मी तोंड बंद ठेवलं असतं, तर पाच भोकं काकाजींच्या वयाच्या नावावर गेली असती, पंधरा दिवसांनी माझं पत्र आलं असतं आणि एकोडीतल्या खिळ्यावर लागलं असतं. मी उभी होते. काकाजी चष्मा पुसत होते. एका चष्म्याला किती वेळ पुसणार? पण ते पुसतच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला राग आला असता, आणि मग कदाचित सोपं गेलं असतं.

"सर," मी म्हटलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला. "निशाण मी बदललं. काल संध्याकाळी. चार टप्पे वर. हाताने झाडून पाहिलं नाही."

मॅनेजर साहेबांचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही. अधिकारी बाईंनी विचारलं, "कशाच्या आधारावर बदललंत?" मी हिशोब सांगितला, शिकंजा सांगितला. बोलताना माझंच मला ऐकू येत होतं, की सगळं बरोबर आहे आणि तरी चुकलंय.

तेव्हा काकाजींनी चष्मा डोळ्यावर घातला. "मॅडम, कागद पाहा," ते म्हणाले, आणि पूर्ण तळहात उघडून कागदाकडे केला. "पाचही भोकं एका वाटीत मावतात. गोळी चांगली हाय, हात बी चांगला हाय. निशाण तेवढं हललं. पाच मिनिटं द्या."

त्यांनी स्क्रू खाली फिरवायला घेतला. बोगद्यात इतकी शांतता होती की टप्पे मोजता येत होते. चार. मला वाटलं थांबतील. थांबले नाहीत. आणखी दहा. एकूण चौदा. चार माझ्या चुकीचे आणि दहा जड गोळीचे, जी खाली जाणार असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. लाल दिवा लागला. पुन्हा पाच. कागद सरकत आला तेव्हा काळ्याच्या मध्यात एक फाटकं भोक होतं, वाटीपेक्षाही लहान.

अधिकारी बाईंनी तो कागद घडी करून स्वतःच्या फाइलमध्ये ठेवला. जाताना त्या मला म्हणाल्या, "शिकंज्याचेही आकडे पाठवा. दोन्ही पाठवा." एवढंच.

मला कायम केलं नाही. सहा महिने आणखी कच्चं ठेवलं, लेखी ताकीद दिली. काकाजींचा करार मात्र पुढे चालू राहिला; तरुण फायररचं बोलणं पुन्हा निघालं नाही. त्या शनिवारी मी एकोडीला गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. ते खाटेवर बसून पाठ शेकत होते. त्यांनी एकच विचारलं, "चूक तुयी होती का?"

"हो."

"मंग बरोबर केलं त्यायनं." खिळा तसाच राहिला. आईने त्यावर कॅलेंडर लावलं.

सोमवारी काकाजींनी मला पहिल्यांदा पिस्तूल हातात दिलं. पाच हलक्या, पाच जड. "हलकी हात झटकते, जड हात ढकलते. पाहा," म्हणाले. माझी भोकं कागदभर सांडली होती, पण जड गोळ्यांची सगळी वरच्या अंगाला होती. मग त्यांनी माझं मनगट दोन बोटांत धरून सावकाश वर उचललं. "गोळी नळीतून बाहेर पडाच्या आधीच हात वर निघालेला असते. हलकी गोळी झटकन निघून जाते. जडीले वेळ लागते, आणि धक्का बी मोठा. तेवढ्या वेळात नळीचं तोंड वर पाहून घेते. शिकंजा आवळलेला, तो उठतच नाही. म्हणून त्याचं खरं, तुयं बी खरं, पण हाताचं येगळं." आमच्या पुस्तकात हे नव्हतं असं नाही. पुढे मी शोधलं, होतं. पण ते वेगळ्या प्रकरणात होतं, आणि ती दोन प्रकरणं एकत्र वाचायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. जवाहरनगरचा फाटा गेल्यावर विचारलं, "काकाजी, तुम्हाला स्क्रू दिसला होता ना?"

"हौ."

"मग बोलला का नाहीत? तुमची नोकरी जात होती."

"मी वाट पाहून राहिलो होतो."

"किती वेळ पाहिली असती?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "चष्मा साफ होयेपर्यंत," म्हणाले. मग स्वतःच हसले. "लय मळला होता."

मला वाटतं, मी बोलले नसते तर तेही बोलले नसते. घरी गेले असते, पवनीला, आणि कोणाला काही सांगितलं नसतं. हे मी तेव्हा त्यांना विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

पुढची दोन वर्षं आम्ही एका टेबलाशी काम केलं. सहा महिन्यांनी मी कायम झाले. पत्र दाखवलं तेव्हा त्यांनी ते तळहातावर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "चाळीस गुंजा. सहीची शाई धरून." मग करार संपला. या वेळी कारखान्याने नाही, त्यांनीच संपवला. शेवटच्या दिवशी समारंभ नको म्हणाले. बोगदा झाडला, टेबल पुसलं, कोपरापर्यंत हात धुतले. वाकळ तेवढी खुर्चीवर ठेवून गेले. "राहू दे. कोणी गोड बोलाले आलं त कामी येईन."

वर्षभराने त्यांना लकवा मारल्याचं कळलं. मी पवनीला गेले. घर सोनारओळीतलंच, दार अरुंद, आत स्वच्छ. काकाजी पलंगावर टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. जीभ थोडी जड झाली होती, डोकं नाही. "काय बीएस्सी," म्हणाले, "खाली का वर?"

"वर, काकाजी."

सुनेने लिंबू पाणी करायला लिंबं आणली होती. मी सहज एक उचलून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. आम्ही दोघींनी वाट पाहिली. त्यांनी डोळे मिटले, हात वरखाली केला, बराच वेळ केला. मग डोळे उघडले.

"सांगता येत नाही व," म्हणाले. "हा हात शिकला नाही."

काहीतरी आकडा सांगून टाकता आला असता. लिंबाचं वजन कोण तपासणार होतं? निघताना त्यांनी मला दारापर्यंतचा रस्ता दाखवला, डाव्या हाताने, पूर्ण तळहात उघडून. ती आमची शेवटची भेट. दिवाळीनंतर ते गेले. मला कळलं तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता.

आता त्या टेबलाशी मी उभी राहते. 'तपासणी प्रमुख' असं माझ्या सहीखाली छापलेलं असतं. नवीन इंजिनिअर मुलं-मुली येतात, माझ्यापेक्षा चांगल्या कॉलेजांतली. त्यांना मी पहिल्याच आठवड्यात विचारते, जड गोळी वर लागते की खाली. सगळे खाली म्हणतात. मी शिकंजा दाखवते, हातही दाखवते, नियमही सांगते. तरी वर्षा-दोन वर्षांत एखादा सापडतोच, ज्याचा स्वतःच्या हिशोबावर जीव असतो.

परवा असंच झालं. दुपारी पिस्तूल हातात घेतलं, पाच जड झाडल्या, कागद आला. भोकं एका वाटीत, पण वर्तुळाच्या बाहेर. निशाणाचा स्क्रू हललेला होता, फॉर्म कोरा होता. तीन नवीन इंजिनिअर टेबलाशी उभे होते. कोणी फिरवला असेल याचा मला साधारण अंदाज होता. मी विचारलं, "काय झालं असेल?" आणि कोणाकडेही न पाहता पिस्तूल रिकामं करून, तोंड वाळूकडे करून ठेवलं.

मला चष्मा नाही. मी वाकळ घेतली, तिची घडी मोडली, पुन्हा घातली. पुन्हा मोडली. दुसऱ्या पाळीची बस आली, हॉर्न वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मी घडी घालत राहिले.

"मॅडम," मागून तिघांतल्या एकीचा आवाज आला. बारीक. "मी फिरवला."

"किती टप्पे?"

"चार."

"बरं," मी म्हटलं, आणि पिस्तुलाचा स्क्रू तिच्या पुढे केला. "आता खाली मोज. चारवर थांबू नको."